पायातली परांची

हाड मोडायला अक्कल लागत नाही. मी माझं सिंगापुरात, तुआसच्या एका शिपयार्डात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि डोक्यावर हेल्मेट घालून मोडलं. जहाज ड्रायडॉकमध्ये होतं, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या हौदात कोरडं उभं केलेलं, आणि कामगारांना चढायला त्याच्या कडेनं परांची बांधलेली होती. यार्डात तिला स्टेजिंग म्हणतात. पाइप आणि फळ्या, दुसरं काही नाही. त्यातली एक फळी बांधायची राहिली होती आणि ती नेमकी मी शोधून काढली. कंपनीचा सुपरिंटेंडंट म्हणून दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हेच माझं काम होतं.

डाव्या पायाची नडगी गेली. हॉस्पिटलात आत सळई घातली, स्क्रू मारले आणि तीन-चार महिन्यांत चालायला लागाल असं सांगून घरी पाठवलं. तीन झाले, चार झाले, पाच झाले. एक्स-रेत फट होती तशीच. हाडाची दोन टोकं समोरासमोर बसून होती, भाऊबंदकीत बोलणं तुटलेल्या दोन घरांसारखी. मध्ये सळई होती म्हणून निदान एका ओळीत तरी होती.

कमरेला पेजर लावायचे दिवस होते ते. माझा पेजर वाजायचा बंद झाला, त्यावरून मी काय ते समजलो. कंपनीनं मला ऑफिसात एका खुर्चीवर बसवलं आणि सभ्य भाषेत एक पत्र दिलं. पडल्यापासून वर्षाच्या आत मेडिकल पास झालो तर नोकरी, नाही तर नमस्कार. त्यांचं चुकत नव्हतं. सुपरिंटेंडंटला दिवसातून दहा वेळा इंजिनरूमच्या उभ्या शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात. ज्याला शिडी जमत नाही त्याला बोटीवर ठेवू नये, असं दोन जणांच्या बाबतीत मीच लिहून दिलं होतं. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जाणार, पास गेला की मरीन परेडचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला. आणि पुण्यात लंगड्या मरीन इंजिनियरनं काय करायचं? मुठेत बोट चालवायची?

अशात दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं, आणि बाबा आले.

बाबा, म्हणजे माझे वडील, एकाहत्तर वर्षांचे. पुण्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. विमानतळावर माझ्या कुबड्यांकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उंचीला बरोबर नाहीत. एक भोक खाली घे." चौकशी म्हणून तेवढीच. व्यसन एकच, तंबाखू. शर्टाच्या खिशात दोन बाजूंनी उघडणारी स्टीलची डबी, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. पन्नास वर्षांची डबी. झाकणावरची नक्षी झिजून नुसती चकाकी उरली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खाली फिरायला निघाले तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं त्यांना लिफ्टपाशी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत अडवलं. "आजोबा, नो स्पिटिंग, लाह. फाइन असतो." तेव्हापासून ते तंबाखू फक्त घरात, बाल्कनीत बसून खायचे, शेजारी कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा ठेवून. समोर समुद्र, समुद्रात नांगर टाकून उभ्या बोटी आणि बाबांच्या हातात तो डबा. सुनेला त्रास नको म्हणून तो ते स्वतः धुवायचे.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे निघालो तर बाबा बूट घालून दारात तयार. "मी येतो. मला कळलं पाहिजे काय करणार आहेत ते." त्यांना नको म्हणायची सोय आमच्या घरात कधीच नव्हती.

डॉक्टर पन्नाशीचे, चिनी, बोलणं दोन-दोन शब्दांचं. त्यांनी कागदावर माझी नडगी काढली आणि म्हणाले, हाड जुळायला तीन गोष्टी लागतात. एक, नवीन हाडाला चढायला आधार. दोन, काम करणाऱ्या पेशी. तीन, त्या पेशींना "इथं या, हाड बांधा" असा हुकूम देणारी द्रव्यं, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

"स्टेजिंग, कामगार आणि फोरमन," मी म्हणालो.

"तुम्ही शिपयार्डात आहात?"

"तिथेच पडलो."

"कशावरून?"

"स्टेजिंगवरून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे ज्या वस्तूवरून पडलो तीच आता पायाच्या आत बांधायची होती. मला त्याचं काही वाटलं नाही, फक्त फळ्या कोण बांधणार आहे तेवढं विचारावंसं वाटलं.

मग त्यांनी सामानाची यादी सांगितली. सगळ्यात उत्तम म्हणजे स्वतःच्याच कमरेचं हाड, कारण त्यात आधार, पेशी आणि हुकूम, तिन्ही असतात. पण माझ्या पायातली टोकं खरवडून साफ केल्यावर जो खड्डा होणार होता तो भरायला तेवढं पुरणार नव्हतं, आणि जास्त काढलं तर कंबर वर्षभर ठणकते. दुसरं, बोन बँकेतलं, कुणीतरी दिलेलं आणि गोठवून ठेवलेलं. तिसरं, कृत्रिम दाणे. ते समुद्रातल्या पोवळ्यापासून बनवतात. पोवळ्याला हाडासारखीच छिद्रं असतात, एकमेकांना जोडलेली, आणि त्या छिद्रांतून नवीन हाड आत शिरतं. हे दाणे स्वतः काही करत नाहीत, नुसते उभे राहतात. म्हणून ते कमरेच्या थोड्या हाडात मिसळून भरायचे.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हाड म्हणजे फॉस्फेट. तर उष्णता आणि दाब देऊन कार्बोनेटचं फॉस्फेट करत असणार. आकार तसाच ठेवून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अंकल केमिस्ट आहेत?"

"शिक्षक."

त्यानंतर दहा मिनिटं मी त्या खोलीत नव्हतोच. ते दोघंच बोलत होते. बाबांनी विचारलं, हे ग्रोथ फॅक्टर वेगळे काढून बाटलीत मिळत नाहीत का? डॉक्टर म्हणाले, परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांत चाचण्या चालू आहेत, उद्या कदाचित मिळतीलही, आज माझ्याकडे नाहीत. आज ह्यांच्याच हाडात आणि मज्जेत जेवढे आहेत तेवढ्यावर भागवायचं. बाबांनी थोडा विचार केला आणि अगदी वहीचं पान मागितल्यासारखं म्हणाले, "हाड कमी पडत असेल तर माझ्या कमरेचं घ्या. मला आता कुठं शिड्या चढायच्या आहेत."

"अंकल, तुमचं तुम्हाला लागेल," डॉक्टर म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. आधीच्या कागदांवर एक रकाना कोरा राहिला होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "स्मोकिंग?"

"नो, नो," बाबा म्हणाले. "नोबडी इन अवर फॅमिली." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. डॉक्टरांनी रकान्यात फुलीची खूण केली.

मी बावीस वर्षं सिगारेट ओढत होतो. पहिल्या बोटीच्या पहिल्या वॉचपासून, म्हणजे इंजिनरूमच्या पाळीपासून. दिवसाला पंधरा, वॉच वाईट असेल तर वीस. पण आमच्यात वडिलांसमोर ओढत नाहीत. हे कुणी शिकवलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, आणि ते मोडायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. सुट्टीवर घरी गेलो की मी चौकातल्या टपरीमागे उभा राहून, कॉलेजातल्या पोराच्या चपळाईनं, अर्धी ओढून टाकायचो. वादळात बंद पडलेलं इंजिन चालू केलेला माणूस मी, मिशीला पांढरे केस आलेले, पण बाबांच्या चपलांचा आवाज आला की सिगारेट बुटाखाली जायची. तेव्हा डॉक्टर, फॉर्म, मोडलेलं हाड, सगळं खरं. पण बाबा दोन फुटांवर बसले होते आणि त्यांनी आत्ताच त्यांचं हाड देऊ केलं होतं. अशा वेळी कोण म्हणेल, हो ओढतो?

घरी आल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. बाबा समोर असले की मी "अहो", एरवी "अरे". कूकरच्या शिट्टीआड ती म्हणाली, "अरे, खोटं कशाला सांगितलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. केवढ्या अभिमानानं सांगत होते. डॉक्टरांना सांगितलं म्हणे, आमच्यात कुणी ओढत नाही."

"बाबा समोर होते ना."

"मग फोन कर. फोनवर नसतात बाबा."

"करतो उद्या."

"काय करतोयस, पाय तुझा आहे," ती म्हणाली आणि कूकर उतरवला. मी उद्या फोन केला नाही. परवाही नाही. झाकली मूठ ठेवायची एकदा सवय लागली की ती उघडणं फार जिवावर येतं.

ऑपरेशन झालं. कमरेतून थोडं हाड काढलं, दाण्यांत कालवलं, खड्ड्यात भरलं. सासूबाईंचा सांगलीहून फोन आला. माझ्या पत्रिकेत मंगळ बिघडलाय, पोवळ्याची अंगठी घाला, असं त्या लग्नापासून सांगत होत्या आणि मी लग्नापासून टाळत होतो. बायकोनं त्यांना सांगितलं की आई, आता पोवळं थेट पायातच बसवलंय.  मग सासूबाईंनी विचारलं, "किती रतीचं?" बाबांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता, पण हे ऐकून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

टाके सुटले आणि डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं, कुबड्यांवर, डाव्या पायावर भार न टाकता. मी हे फारच मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ चालायला जायचो. बिल्डिंगीतून खाली, हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे ईस्ट कोस्ट पार्कात, आणि तिथल्या एका ठरावीक बाकावर. समोर बोटी, मागे झाडी, तिथून आमची बाल्कनी दिसत नाही. तिथे दोन ओढायच्या, खिशातल्या लवंगा चावायच्या आणि परत. लवंगा अशासाठी की सिंगापूरनं च्युइंगम बंद केलं होतं. सरकारनं माझी आणखी किती अडवणूक करायची ठेवली होती कोण जाणे.

"केवढा चालतो हो," बाबा सुनेला कौतुकानं म्हणायचे. ती माझ्याकडे बघायची. मी सायकली भाड्यानं घेतलेल्या पोरांबद्दल काहीतरी बोलायचो. एकदा बाबा म्हणाले, "मीही येतो." मी म्हणालो, "नको बाबा, ऊन आहे." संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ते "बरं" म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले.

अडीच महिन्यांनी एक्स-रे काढला. बाबा अर्थातच बरोबर. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला आणि डोळे जवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, "स्टेजिंग फर्स्ट क्लास. एक दाणा हललेला नाही." माझे शब्द त्यांना आवडले असावेत. "पण कामगार आले नाहीत."

फटीत पांढरे दाणे रचलेले दिसत होते, आणि दाण्यांभोवती काळंच. जिथे नवीन हाडाचा धुरकट ढग दिसायला हवा तिथे काही नव्हतं.

"विचित्र आहे," डॉक्टर म्हणाले. "असा एक्स-रे मी बहुतेक वेळा स्मोकर लोकांचा पाहतो. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कामगार येणार कुठून, माल येणार कुठून? गेटच बंद. ओढा नाही तर चघळा, हाडाला दोन्ही सारखंच." त्यांनी दिवा बंद केला. "तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. आणखी तीन महिने बघू. तरी नाही झालं, तर काढून पुन्हा करावं लागेल."

मेडिकलला साडेतीन महिने उरले होते. आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. डॉक्टर वाट बघत होते असं मला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं, कदाचित नुसतेच बघत असतील. मी म्हणालो, "थँक यू, डॉक्टर."

टॅक्सीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मरीन परेड जवळ आल्यावर एकदाच बोलले. "चुन्यानं निकोटिन मोकळं होतं. म्हणून तर तोंडातून इतक्या लवकर रक्तात जातं." मी हो म्हणालो. ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. बायको ऑफिसला गेलेली, मुलगी शाळेत. आमच्या फ्लॅटमध्ये कचरा टाकायला स्वयंपाकघराच्या भिंतीत एक झडप होती. ती उघडून त्यात टाकलं की बिल्डिंगच्या पार तळाला. बाबा आले, खिशातून डबी काढली, तिच्या दोन्ही बाजू नीट लागल्यात का ते पाहिलं, झडप उघडली आणि डबी आत सोडली. ती खडखडत खाली गेली. चौदा मजले. आवाज बंद व्हायला बराच वेळ लागला.

"बाबा! अहो, काय केलंत हे?"

"तंबाखू सोडली." त्यांनी झडप लावली आणि हात धुतले. "डॉक्टर म्हणाले ना काल. तंबाखू असली की हाड जुळत नाही."

"पण तुमचं कुठं काय मोडलंय?"

हात पुसता पुसता ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, टॉवेलकडे पाहिलं.

"माझं नाहीच मोडलंय," ते म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

 चहा गार झाला. तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते देव जाणे. बहुधा पहिल्या सुट्टीपासून. चौकातला टपरीवाला काय माझा एकट्याचा थोडाच होता, बाबांची तंबाखूही तिथूनच यायची. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि घरधनी बावीस वर्षं मान वळवून बसला होता, मांजराला लाज वाटू नये म्हणून. मला इतकी शरम वाटली की तिला कुठं ठेवू ते कळेना.

इथे मी शहाण्यासारखा वागलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी कुबड्या घेतल्या आणि बाकावर गेलो. एक पेटवली. आणि पूर्ण ओढली, टोकापर्यंत. समोर एक टँकर नांगर उचलत होता, तो हलेपर्यंत बसलो. मग पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, लायटरही टाकला. लवंगा ठेवल्या.

त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये दोन पुरुष एकाच वेळी व्यसन सोडत होते आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. बाबांनी निदान जाहीर केलं होतं. त्यांना राग करायची मुभा होती. तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं धरलं, पाचव्या दिवसापासून पोट साफ होईना, आठवडाभर ते टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईवर चिडून होते. मला कसलीच मुभा नव्हती, कारण मी कधी ओढतच नव्हतो. हात थरथरले तर कुबड्यांमुळे, झोप आली नाही तर कमरेच्या ठणक्यामुळे, आणि मुलीवर ओरडलो तर गणितामुळे.

"आजोबा सो ग्रम्पी," मुलगी म्हणाली. "अँड यू ऑल्सो, लाह."

आम्ही बोलायचो हवामानावर. सिंगापुरात हवा बाराही महिने तीच असते. तिच्यावर रोज दोनदा बोलायला नेटानं बसावं लागतं. "आज ढग आहेत." "हो, काल नव्हते." बायकोनं विचारलं काहीच नाही. एक दिवस जेवणाच्या टेबलावर तिनं लवंगा आणि बडीशेपेची वाटी ठेवली आणि ती संपली की भरत राहिली. कधीकधी बाबांचा आणि माझा हात एकदमच वाटीकडे जायचा. मग मी हात मागे घ्यायचो, आणि ते वाटी माझ्याकडे सरकवायचे.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी खाली निघालो तेव्हा म्हणालो, "बाबा, येता का?" दुपारचे चार वाजले होते, ऊन रणरणत होतं. ते बूट घालायला उठले. आम्ही त्याच बाकावर बसलो. बाबांनी बाकाखाली पाहिलं, झाडीकडे पाहिलं, मागे वळून आमची बाल्कनी दिसते का पाहिलं. "जागा चांगली आहे," ते म्हणाले. मी बोटी दाखवायला लागलो, ही मालवाहू, ही टँकर, ही रिकामी आहे म्हणून इतकी वर आलीय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला, आणि मी, बोलू नये, पण मी देवाचं नाव घेत होतो. दाण्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या. दोन्ही टोकांमधून दुधी, धुरकट असं काहीतरी फटीत शिरलं होतं आणि मध्ये भेटलं होतं. पोवळं कुठं संपतं आणि मी कुठं सुरू होतो ते काही ठिकाणी कळत नव्हतं.

"कामगार आले," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझी नडगी दोन्ही हातांनी धरून वाकवून पाहिली, अंगठ्यानं दाबली. दुखलं नाही. "काय बदललंत मधल्या काळात?"

मी बाबांकडे पाहिलं.

"मी तंबाखू सोडली," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग फॉर्म पुढे ओढला आणि त्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, ते मला उलटं वाचता आलं नाही. "व्हेरी गुड, अंकल," ते म्हणाले. "ट्रीटमेंट लागू पडली." केवळ तंबाखूमुळेच अडलं होतं असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. हाडं उशिराही जुळतात, त्याला दहा कारणं असतात. पण मला त्या दहांशी काही देणंघेणं नव्हतं.

दोन आठवड्यांनी मेडिकल झालं. कुबड्या सोडल्या होत्या, काठीही. कंपनीच्या डॉक्टरनं उठाबशा काढायला लावल्या, आणि मग तुआसला एका बोटीवर इंजिनरूमची शिडी, वर-खाली, तीन वेळा. खाली उतरल्यावर चीफ इंजिनियरनं खूश होऊन सिगारेटचं पाकीट पुढे केलं. मी म्हणालो, "ओढत नाही." आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच खरं बोललो.

बाबांचा व्हिजिट पास दोनदा वाढवून झाला होता, आता जायलाच हवं होतं. चांगी विमानतळावर बायको आणि मुलगी मागे थांबल्या आणि मी त्यांच्याबरोबर काचेच्या दारापर्यंत गेलो. बॅग मी उचलली तर म्हणाले, "ठेव, पायावर जोर येईल." मी ठेवली नाही. मला पुष्कळ बोलायचं होतं. रात्रभर जमवून ठेवलं होतं, चुकलं म्हणायचं, खोटं बोललो म्हणायचं, आणि ते हाड देऊ केलंत तेव्हा काय वाटलं तेही. त्यातलं तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"बाबा, आता हाड जुळलं. आता तुम्ही परत सुरू केलीत तरी हरकत नाही."

"तू करणार आहेस?"

सरळ, माझ्या डोळ्यांत बघून. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले, बॅग माझ्या हातातून घेतली आणि आत निघाले. मला रडू फुटलं. पासपोर्ट दाखवून झाल्यावर ते वळले. त्यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशावर गेला, डबीच्या जागी. खिसा रिकामा होता. त्यांनी तो तसाच एकदा चाचपला, आणि मग तोच हात वर करून मला हलवला.